दोन्ही काढून टाका, मॅडम

नाशिकच्या मुंबई नाक्यापासून चालत पाचेक मिनिटांवर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही क्लिनिक सुरू केलं, ते मुद्दामच छोटं. खाटा नाहीत, सोनोग्राफीचं मशीन नाही. मशीन घेतलं की पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखालची नोंदणी, रजिस्टरं, तपासण्या हे सगळं आलं आणि दोन डॉक्टर अन् एका सिस्टरच्या बळावर ते निभलं नसतं. संडास एकच, त्याच्या दारावर बाईचं किंवा पुरुषाचं चित्र नाही. केसपेपरवर नावाच्या दोन ओळी: एक हाक मारायचं नाव, दुसरं कागदपत्रांवरचं. बाकीचं आत विचारायचं आणि सगळ्यांना विचारायचं: गर्भपिशवी आहे का, अंडाशयं आहेत का, आधी कुठलं ऑपरेशन झालंय? साठीच्या आजींनाही हेच. त्यांची पिशवी काढलेली असते, पण अंडाशयं ठेवली की तीही गेली, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

येणाऱ्या बायका सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या, दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या, काही पेठ-सुरगाण्याकडून एसटीनं येणाऱ्या. तृतीयपंथी येतात ते बहुतेक अगदी साध्या तक्रारी घेऊन. बीपी, शुगर, लघवीची जळजळ. भोंदू माणसाकडून निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषण काढण्याचं ऑपरेशन, करून घेतलेल्यांचा लघवीचा मार्ग पुढे आकसतो, मग वारंवार इन्फेक्शन होतं. अशाच त्रासासाठी येणाऱ्या एक वयस्कर गुरू आहेत, त्यांना सगळे अक्का म्हणतात. एकदा निफाडच्या एका मावशींनी बाकावर त्यांच्या शेजारी बसताना तोंड वाकडं करून विचारलं, "तुमी इथं कशाला?" अक्का म्हणाल्या, "तुझ्यासारखीच. मुतायला जळतं." मावशी सरकून बसल्या, पण बसल्या.

इमारतीतल्या काही लोकांनी 'असली गर्दी' नको म्हणून तक्रार केली होती, ती भाडेकरार दाखवून मिटली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते फेब्रुवारीतल्या एका दिवसाबद्दल. सिडकोत मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा एक पंचविशीतला मुलगा अकराच्या सुमारास वाकून चालत आला. दाढी, चेक्सचा शर्ट, घामानं भिजलेला चेहरा. पहाटे उजव्या बाजूला ओटीपोटात एकदम कळ आली, मग उलट्या. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्यांनी अपेंडिक्स म्हणून सोनोग्राफीला पाठवलं. तिथं काउंटरवरच्या बाईनं आधार कार्ड पाहिलं: बाईचं नाव, वेणीतला फोटो. "हे कुणाचं कार्ड आणलं? पेशंटला आणा, मग नंबर लावते." पेशंट समोरच उभा होता. त्यानं कार्ड खिशात घातलं आणि तो बाहेर पडला. ओळखीतून अक्कांना फोन गेला आणि अक्कांनी आमच्याकडे धाडला.

आत विचारलं तेव्हा त्यानं सगळं सरळ सांगितलं. पिशवी आहे, अंडाशयं आहेत, ऑपरेशन एकही नाही. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं दीड वर्षापासून, जिममधल्या एका ओळखीच्याकडून. रक्त कधीच तपासलेलं नाही. पाळी बंद आहे. मी म्हटलं, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करू. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला शिवीच दिली. पाळी बंद झाली तरी अंडं तयार होणं पूर्ण थांबेलच असं नाही, टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, हे समजावलं. "आणि पोटात दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकीची मी ही टेस्ट करते, तुझीही करणार." टेस्ट निगेटिव्ह आली.

ओळखीच्या रेडिओलॉजिस्टला मी स्वतः फोन केला. नाव काय म्हणायचं, आधारवर काय आहे, लघवीची टेस्ट निगेटिव्ह आहे, उजवी ओव्हरी बघा, पोटावरूनच बघा. योनीतून आत घालायच्या प्रोबला मुलगा तयार नव्हता आणि त्या अवस्थेत त्याला तयार करायला वेळही नव्हता. तासाभरात निदान आलं. उजव्या अंडाशयात मोठी गाठ, देठाला पीळ बसलेला, डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसत नाही. पिळात घड्याळ महत्त्वाचं. जितका उशीर, तितकी ओव्हरी वाचण्याची आशा कमी.

मी ज्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करते तिथं नेलं. पहिला प्रश्न, मेल वॉर्ड की फिमेल? मेलमध्ये ठेवला तर तपासणीच्या वेळी पडद्याआड काय चाललंय ते सगळ्या वॉर्डला कळणार. फिमेलमध्ये दाढीवाला पाहून बायका घाबरणार, त्यांचंही चुकत नाही. शेवटी जनरलच्या दरात स्वतंत्र खोली मिळवली. दुसरा प्रश्न नातेवाइकाच्या सहीचा. घरच्यांना कळवायचं नाही, असं तो म्हणाला. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या ऑपरेशनला त्याची स्वतःची सही कायद्यानं पुरते, पण आपल्याकडे हे ऑफिसात प्रत्येक वेळी नव्यानं सांगावं लागतं. बायकांच्या बाबतीत तर नवऱ्याच्या सहीवाचून पान हलत नाही. अक्का रिक्षानं मागोमाग आल्या होत्या. "मी करते सही, काय लिहू नातं?" सिस्टरनं 'परिचित' लिहिलं.

ट्रॉली आत न्यायच्या आधी त्यानं माझं मनगट धरलं. "मॅडम, आत जाताच आहात तर दोन्ही काढून टाका. पिशवीपण. माझा त्रासच संपेल."

मी नाही म्हटलं. पण ते नाही माझ्या घशात अडकलं, याचं कारण सांगते. इतकी वर्षं मी उलटं पाहत आले आहे. पस्तिशीची मजूर बाई, अंगावरून पांढरं जातंय म्हणून येते आणि कुणीतरी 'कॅन्सर होईल' म्हणत तिची पिशवी काढतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगावं लागलं. जिला नको तिची पटकन निघते. आणि हा मागतोय, शुद्धीत, सज्ञान, आणि मी अडवतेय. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे डॉक्टरचीच मर्जी चालली असं वाटेल.

तरी त्या क्षणी दुसरं करता येत नव्हतं. असह्य दुखण्यात, उपाशीपोटी, जिममधल्या कुणाच्या भरवशावर हार्मोन्स घेणारा माणूस. दोन्ही ओव्हऱ्या गेल्या आणि पुढे पैशांअभावी इंजेक्शनं बंद पडली, तर हाडं ठिसूळ होतात. मूल हवं की नको, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. शिवाय रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट ५५, म्हणजे रक्त घट्ट झालेलं, गुठळीचा धोका. जास्त वेळ चालवायचं ऑपरेशन ते नव्हेच. एवढं त्याला तिथंच, ट्रॉलीजवळ उभं राहून सांगितलं. "पीळ सोडवते, गाठ काढते. बाकीचं तू बरा झाल्यावर माग. तेव्हा मी टाळाटाळ करणार नाही." त्यानं मान फिरवली.

दुर्बिणीतून ओव्हरी काळी-निळी दिसली. तीन पीळ होते. सोडवल्यावर थोडी लाली परत आली. जुन्या शिकवणीप्रमाणे अशी ओव्हरी थेट काढत. आता रंग काळा असला तरी ठेवतात, कारण पुष्कळदा ती पुन्हा काम करू लागते. गाठ तपासणीला गेली, साधी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पेज खाऊन घरी गेला. माझ्याशी फारसा बोलला नाही.

टाके दाखवायला आला तेव्हा म्हणाला, "तेव्हाच काढलं असतं तर आतापर्यंत सुटलो असतो." मी वाद घातला नाही, त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवला, इंजेक्शनांचा डोस नीट झाला, रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. समुपदेशकाकडेही दोनदा जाऊन आला, कुरकुरतच. मुलांबद्दल मी विचारलं, त्याला नको आहेत. ऑपरेशननंतर काय बदलेल, किती वर्षं काय घ्यावं लागेल, खर्च किती, हे सगळं त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं आणि माझ्याकडून चुकून राहिलेला एक प्रश्न त्यानंच विचारला: दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल?

आता तो तयार आहे आणि मीही. अडलंय ते वेगळ्याच गोष्टीवर. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी त्यानं पोर्टलवर अर्ज भरलाय, त्यानंतर आधारवरचं नाव बदलणार. तोवर तारीख घेऊ नका म्हणाला. यावेळच्या डिस्चार्ज कार्डावर त्याला त्याचंच नाव हवं आहे.