आमची वाटचाल : ग्लूटेन-फ्री डब्याचं सँडविच

फोंड्यातला आमचा हा छोटा व्यवसाय पुतण्याच्या डब्यामुळे उभा राहिला. त्याला सीलिएक आजार आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन त्याच्या आतड्याला सोसत नाही. त्यावर औषध नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) जन्मभर वर्ज्य, एवढाच उपाय. गोव्यात याचा अर्थ काय होतो ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव गेला, पोई (कोंड्याचा गोल पाव) गेली, सकाळची भाजी-पाव गेली. घरी शीत-कडी (भात आणि कालवण) आहेच, त्यात गहू नाही. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत पोराला हातात धरून पटकन खाता येईल असं काय द्यायचं?

जाऊबाई आणि मी मिळून ब्रेडच्या मागे लागलो. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं, ते ताणलं जातं आणि हवा धरून ठेवतं. तांदळाच्या पिठाला तो ताण नाही, म्हणून ब्रेड भुसभुशीत होऊन सुटतो. ती जागा इसबगोल बऱ्यापैकी भरून काढतं.

घाईच्या सकाळी आजही आम्ही असं करतो : अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे नाचणीचं, एक चमचा इसबगोल, थोडं दही, मीठ, आणि सरसरीत होईल इतकं पाणी. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. इसबगोल पाणी पितं, मिश्रण दाटतं. मग चिमूटभर सोडा घालून तेल लावलेल्या तव्यावर जाडसर पसरायचं, झाकण ठेवून मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचं. निवल्याशिवाय सुरी लावू नये, नाहीतर आतून चिकट राहतं. आधी लोणी, मग खोबरं-कोथिंबिरीची चटणी, काकडी, उकडलेलं अंडं किंवा बटाटा. लोण्याचा थर असला की काकडीचं पाणी खाली झिरपत नाही आणि दुपारपर्यंत सँडविच धड राहतं.

खरी मेहनत मात्र पाककृतीपलीकडची आहे. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील तर आपल्या तांदळात ते येणारच. म्हणून आम्ही पहिली खरेदी घरघंटीची केली. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स शेतात आणि कारखान्यात गव्हाच्या संगतीत असतात, त्यामुळे तसं प्रमाणित केलेलं पाकीट असेल तरच घेतो. टोस्टर, पाट, सुरी, फडकं, सगळं वेगळं. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. एवढं प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावरच पाकिटावर ते शब्द छापले.

मध्यंतरी एका हॉटेलने मोठी ऑर्डर देऊ केली, पण साधी मैद्याची सँडविचंही इथेच करून हवी होती. पैसा चांगला होता. आम्ही नाही म्हटलं, कारण आमच्याकडून डबा नेणारी आई डोळे मिटून तो पोराच्या दप्तरात ठेवते.

आता पणजीला नोकरीला जाणारी मंडळीही सकाळी डबे घेऊन जातात. चवथीला नेवऱ्यांची (करंज्यांची) विचारणा होते. मोदक-पातोळ्यांचा प्रश्न नाही, ते तांदळाचेच. नेवरीची पारी मात्र मैद्याशिवाय तळताना अजून फुटते. जाऊबाईंचे प्रयोग चालू आहेत. जमल्यावरच ऑर्डर घेऊ.