आमची वाटचाल : मोडीपासून मूल्यांकनापर्यंत

नाशिकच्या सराफ बाजारातलं आमचं दुकान आजोबांनी थाटलं. पेढी नव्हती ती. फुंकणी, मूस, ऐरण आणि दुरुस्तीची कामं, एवढाच पसारा. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या हातचं काम गेलं. आजोबा तगले ते दुरुस्तीवर. हलक्या कसाच्या सोन्याला डाक, म्हणजे तुटलेला सांधा जोडणारा टाका, कसा लावायचा, हे त्यांच्याकडून बाबा शिकले आणि बाबांकडून मी.

बाबांच्या काळात मोडीचा, म्हणजे जुने दागिने घेऊन आटवायचा धंदा वाढला. जुना डाग, म्हणजे दागिना, घ्यायचा, कस लावायचा, घट वजा करायची, की मुशीत. दुकान त्यावरच उभं राहिलं.

२००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला आणि दुकानात पाणी शिरलं. गाळ काढताना खालच्या खणात एक पत्र्याची डबी सापडली. आत अंगठ्याएवढा शिंपल्याचा तुकडा होता. फिकट तपकिरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या उठावात कोरलेला बाईचा चेहरा, आणि हनुवटीपासून मानेपर्यंत तडा. बाबा तो हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "हा मी फोडलाय. ब्रोच होता. मोडीच्या भावानं घेतला, चौकट आटवली. सोनं किती निघालं तेही आठवत नाही."

त्या डबीनं आमचा धंदा बदलला. मी मुंबईला जाऊन रत्नपरीक्षेचा अभ्यासक्रम केला आणि दुकानात मूल्यांकनाचं काम सुरू केलं. पहिली दोन वर्षं महिन्याला जेमतेम एखादं गिऱ्हाईक येई.

मग एक दिवस देवळालीहून एक पारशी आजी आल्या. रुमालात सोन्याच्या चौकटीतला कॅमिओ, म्हणजे उठावात कोरलेल्या चित्राचा, ब्रोच होता. साडीच्या खांद्यावर लावायचा. दोन दुकानांत त्याला हॉलमार्क नाही, सोनं हलकं, म्हणून फक्त वजनाचा भाव सांगितला होता. "दीकरी, मला विकायचा नाय, नातीला द्यायचाय. पण हाय काय ते तरी सांग."

आधी मी तो दिव्यासमोर धरला. शिंपला असेल तर उजेड आरपार येतो. अकीक सहसा एवढा उजळत नाही आणि हाताला गार लागतो. हा मधासारखा उजळला. तडा कुठेही नव्हता. पाठ किंचित खोलगट होती, म्हणजे शिंपल्याचा मूळ बाक. मग भिंग. केसांच्या बटांत कोरणीचे बारीक, कमीजास्त खोलीचे ओरखडे दिसले. साच्यातल्या प्लास्टिकला ते नसतात, त्याच्या कडा गुळगुळीत आणि बोथट असतात. चेहऱ्याच्या केसांत द्राक्षाची पानं आणि घड गुंफलेले होते. ही बॅकान्टे, म्हणजे मद्यदेव बॅकसची भक्तीण, १९ व्या शतकातल्या युरोपात फार आवडीचा विषय. असे शिंपले कोरण्यासाठी नेपल्सजवळचं टोरे देल ग्रेको प्रसिद्ध आहे. घड बघून आजी म्हणाल्या, "म्हणजे ही आपल्या नाशिकचीच!"

मागची पिन चौकटीच्या बाहेर डोकावत होती. अडकवायला साधा उघडा आकडा, त्याला लॉक नाही. लॉकची पद्धत २० व्या शतकात रुळली. पण पिन मागाहून बदललेली असू शकते, म्हणून एवढ्यावर मी काळ ठरवत नाही. आकड्याशेजारी १५ आणि .६२५ असा शिक्का होता. ब्रिटनमध्ये १५ कॅरेटची प्रत १८५४ साली सुरू झाली आणि १९३२ मध्ये तिच्या नि १२ कॅरेटच्या जागी १४ कॅरेट आलं. म्हणजे चौकट या ७८ वर्षांतली. दोन दुकानांनी ज्याला हलकं सोनं म्हटलं, तोच तिचा जन्मदाखला होता.

सोन्याचा कस मोजणारं टंच मशीन वरचा थरच वाचतं, मुलाम्याला फसू शकतं. म्हणून कडेची दिसणार नाही अशी जागा कसोटीच्या दगडावर घासून हलकी रेघ ओढली. ॲसिड टाकलं ते दगडावरच्या रेघेवर, ब्रोचवर नाही. शिंपला म्हणजे चुना, थेंबभर ॲसिडनंही तो खराब होतो. शिंपला न काढता त्याचं वजन अंदाजानं वजा केलं. चौकट साधारण ८ ग्रॅम, म्हणजे शुद्ध सोनं ५ ग्रॅम. ही किंमत तळाची. तिच्या वर कोरीवकाम, अखंडपणा आणि मूळ चौकट यांची किंमत चढते, आणि ती तराजूत येत नाही. अहवालात मी दोन्ही आकडे वेगळे लिहिले. आजही तसेच लिहिते.

आजींनी देवळालीतल्या ओळखीच्या घरांत सांगितलं आणि काम वाढलं.

आमची फी वस्तूमागे ठरलेली असते, किमतीच्या टक्क्यावर नाही. मूल्यांकन केलेली वस्तू आम्ही स्वतः विकत घेत नाही. वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी वाटली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजावून सांगतो. परदेशी न्यायची असेल तर पुरातत्त्व खात्याकडे विचारल्याशिवाय ती बॅगेत भरू नये.

बाबांनी फोडलेला तो शिंपला आता काउंटरच्या काचेखाली आहे. शिंपला कसा ओळखायचा असं कुणी विचारलं, की तोच काढून दिव्यासमोर धरते. तडा काळ्या केसासारखा स्पष्ट दिसतो. तुमच्याकडे असा ब्रोच असेल तर तो न घासता, न पॉलिश करता, जसा आहे तसा मऊ कापडात गुंडाळून आणा.