किसो खोऱ्यातली लँड क्रूझर

टोयोटाच्या लँड क्रूझर या दणकट, जीपसारख्या गाडीच्या जन्मभूमीत, म्हणजे जपानच्या आइची प्रांतात, मी चार दिवस हिंडलो. पण जुनी डिझेल लँड क्रूझर काही दिसली नाही. ती भेटली शेजारच्या नागानो प्रांतात, नागोयाहून ‘शिनानो’ रेल्वेने सुमारे दीड तासावर असलेल्या किसो-फुकुशिमा गावी, आमच्या मुक्कामाच्या घरासमोर, गुडघाभर बर्फात.

यजमानांनी किल्ली अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत हात रोखून धरला. हे थांबणे माझ्या ओळखीचे होते. गावाकडच्या जुन्या डिझेल जीपलाही थंडीत इंजिन आधी तापवायला असाच हीटर द्यावा लागे. बॉनेटखाली १९९० साली आलेले वन-एचझेड इंजिन होते: सहा सिलिंडर, ४.२ लिटर, जादा हवा दाबून भरणारा टर्बो नाही, इंधनपंप यांत्रिक. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका लहान कक्षात फवारले जाते व तेथेच पेट घेते. त्यामुळे इंधन थोडे अधिक लागते. त्याच वर्षी टोयोटाने टर्बो आणि थेट फवारणीचे सरस इंजिनही आणले होते. तरीही आफ्रिकेत नवी लँड क्रूझर आजही या साध्या इंजिनासह विकली जाते, कारण संगणकाविना चालणारे यंत्र आडरानातल्या मिस्त्रीलाही उघडता येते. माझ्या लेखी हीच त्याची खरी प्रगती.

जपानमध्ये मात्र वारे फिरले. १९९९ साली टोकियोचे राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी डिझेलविरोधी मोहीम उघडली आणि काजळी भरलेली प्लास्टिकची बाटली पत्रकारांपुढे हलवून दाखवली. २००१च्या कायदादुरुस्तीनंतर टोकियो, ओसाका, आइची अशा आठ प्रांतांतील ठरावीक भागांत धुराच्या निकषांत न बसणाऱ्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होत गेली. नागानो त्या यादीत नाही, म्हणून ही गाडी येथे आहे.

ओंताके पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या काइदा पठाराकडे आम्ही चढू लागलो, तेव्हा इंजिनाने फारसा आवाज न वाढवता सगळी चढण ओढून नेली. परतल्यावर पाहिले, तर सकाळी गाडी सुरू केली त्या जागी बर्फावर तळहाताएवढा काळा डाग पडला होता. यजमानांनी तो फावड्याने उचलला आणि कडेच्या ढिगात टाकला.