इकालुइटला एवढी उंच शिडी आहे का?

रात्री तीनच्या सुमारास, शिकागोहून दिल्लीला निघालेल्या आमच्या बोइंग ट्रिपल सेव्हनचा एकार्सवर, म्हणजे विमान आणि जमिनीतल्या संदेशयंत्रणेवर, मेसेज आला. उजव्या इंजिनाचं ऑइल कमी होतंय. प्रेशर आणि तापमान ठीक, क्वांटिटी मात्र हळूहळू खाली. विमान कॅनडाच्या उत्तरेतल्या बॅफिन बेटाच्या दिशेने चाललं होतं.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. दोन इंजिनांच्या विमानाचा मार्ग आखताना, एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळेत गाठता येतील असे विमानतळ आधीच नेमावे लागतात. कॅनडाच्या उत्तरेत असे फार थोडे. त्या रात्री प्लॅनवर सीवायएफबी हा कोड होता, म्हणजे बॅफिन बेटावरचं इकालुइट. मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाचा अहवाल, काढला: उणे 34, वारा 20 नॉट, उडता बर्फ. धावपट्टी अडीच हजार मीटरच्या वर, उतरायची चिंता नव्हती. मेन्टेनन्स कंट्रोलचा इंजिनिअर सॅटकॉमवर, म्हणजे उपग्रह फोनवर, कॅप्टनशी बोलत होता. मी पॅसेंजर रिकव्हरी प्लॅनची, म्हणजे वाटेत उतरावं लागलं तर प्रवाशांची सोय कशी करायची त्याची, फाइल उघडली.

‘राहण्याची सोय: उपलब्ध. शिडी: उपलब्ध.’ बास, एवढंच. आमच्या विमानाचं दार जमिनीपासून जवळपास 5 मीटरवर असतं. शिडी किती उंच, ते कुणीच लिहिलेलं नाही. आणि या फ्लाइटवर नेहमी असतात मुलांकडे सहा महिने राहून परतणारे आई-वडील. गुडघे दुखतात, बीपीच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत, अंगात एक स्वेटर.

कॅप्टनच्या पुढच्या मेसेजची वाट बघत मी त्या गावाबद्दल वाचायला लागलो, आणि थांबताच येईना. 2021 च्या जनगणनेत लोकवस्ती साडेसात हजारांच्याही आत. बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. खाडीतलं बर्फ वितळलं की उन्हाळ्यात जहाजं येतात; सिमेंटपासून डायपरपर्यंत वर्षाचा जड माल तेव्हाच उतरतो, बाकी सगळं विमानाने. बऱ्याच घरांना पाणी टँकरने मिळतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्या पाण्यात इंधन मिसळल्याचं आढळलं, आणि दोन महिने नळाचं पाणी पिणं बंद होतं. त्या दिवसांत आमचं विमान तिथे उतरलं असतं, तर त्यांच्या मोजक्या बाटल्यांत आमचे तीनशे लोक वाटेकरी झाले असते.

2017 च्या फेब्रुवारीत झुरिकहून लॉस एंजेलिसला जाणारं ट्रिपल सेव्हन इंजिन बंद पडल्यामुळे तिथेच उतरलं. दुसरं विमान येईपर्यंत प्रवासी कित्येक तास आतच बसून होते. हे उदाहरण समोर असूनही आमच्या फाइलमध्ये ‘उपलब्ध’ लिहून मोकळं होणाऱ्या माणसाचा मला अजून राग येतो.

ऑइलचा आकडा खाली येऊन एका जागी थांबला, प्रेशर शेवटपर्यंत हललं नाही. कॅप्टनने पुढे जायचं ठरवलं आणि विमान दिल्लीला उतरलं. दोष सेन्सरच्या वायरिंगमध्ये निघाला.

सकाळी मी सविस्तर मेल टाकला: शिडीची उंची, खोल्या, औषधं, लहान मुलांचं दूध, गावातल्या कुणाला फोन करायचा. वरून उत्तर आलं की प्लॅन नियमात बसतो. बसतो, पण थंडीत उभं राहायचं असतं माणसांना, आणि त्यांना सामावून घ्यायचं असतं त्या छोट्याशा गावाला. तेव्हापासून हिवाळ्यात जमेल तेव्हा मी मार्ग जरा दक्षिणेला, कॅनडाच्या पूर्वेकडच्या गूज बे विमानतळाच्या आवाक्यात ओढतो. इंधन जास्त लागतं. त्याचा जाब विचारला जातो, आणि मी दर वेळी तोच मेल पुन्हा पाठवतो.