निळ्या नकाशातला लाल पट्टा

फुप्फुसाचा कॅन्सर अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा) आहे की स्क्वॅमस (चपट्या पेशींचा), यावर औषधं ठरतात. पेमेट्रेक्सेड स्क्वॅमसमध्ये देत नाहीत, बेव्हॅसिझुमॅबने त्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. पॅथॉलॉजिस्ट हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली आणि टीटीएफ-१ (अडेनोची खूण), पी४० (स्क्वॅमसची खूण) अशा स्टेन्सवरून करतात. आमच्या प्रकल्पात तोच फरक मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगने, म्हणजे ऊतीतल्या रेणूंची वस्तुमानं जागोजागी मोजून नकाशा काढण्याच्या तंत्राने, ओळखायचा होता. आमचा निकाल रुग्णाच्या फाइलमध्ये जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पॅराफिन ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीतून, काही मायक्रॉन जाडीचा सेक्शन काढायचा, पॅराफिन उतरवायचं, वर ट्रिप्सिन हे एन्झाइम फवारायचं. ते प्रथिनांचे लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी तुकडे पाडतं. मग लेझरची ऊर्जा शोषणाऱ्या मॅट्रिक्स या रसायनाचा थर आणि त्यावर लेझर. दर ५० मायक्रॉनला एक ठिपका आणि प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वस्तुमानाचे तुकडे किती याचा आलेख. १५ बाय १० मिलिमीटरच्या सेक्शनमधून ६०,००० स्पेक्ट्रम निघतात. ते माझ्या प्रोग्रॅममध्ये जातात आणि रंगीत नकाशा बाहेर येतो. अडेनो निळा, स्क्वॅमस लाल.

त्या दिवशी ऑपरेशनमध्ये काढलेल्या एका गाठीचा सेक्शन होता. निदान अडेनो. नकाशाही निळाच आला, पण एका कडेला बारीक, वळलेला लाल पट्टा.

कडेला असं काही दिसलं की पहिला संशय फवारणीवर जातो. म्हणून ट्रिप्सिनचा स्वतःचा, ८४२.५ वस्तुमानापाशी येणारा पीक (आलेखातला सुळका) पाहिला. पट्ट्यात आणि बाहेर सारखाच. मॅट्रिक्सचे पीकही जागच्या जागी. मग लाल ठिपक्यांचा सरासरी स्पेक्ट्रम काढला, तर सायटोकेराटिन ५ या प्रथिनाचे म्हणून आम्ही ओळखत असलेले पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) तिथे ठसठशीत उभे होते. स्क्वॅमसची ती ओळखीची खूण. प्रोग्रॅम हवेत बोलत नव्हता.

शेजारी बसलेला रेसिडेंट खुर्चीतून उठलाच. "सर, अडेनोस्क्वॅमस!" त्या निदानाला दोन्ही प्रकार किमान १० टक्के लागतात आणि हा पट्टा त्याच्या जवळपासही नव्हता. पण त्याचा उत्साह मलाही चढला, खोटं कशाला बोलू.

या तंत्रात एक फार सोयीची गोष्ट आहे. लेझर मारून झाल्यावर अल्कोहोलने मॅट्रिक्स धुऊन काढता येतं आणि तोच सेक्शन एच अँड ई या पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या स्टेनला देता येतो. संध्याकाळी स्लाइड घेऊन आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी भिंगं बदलली, स्लाइड जराशी सरकवली आणि म्हणाल्या, "अरे, ही गाठ नाहीच. हा ब्राँकस आहे. बघ इकडे."

दुसऱ्या आयपीसमधून पाहिलं. श्वासनलिकेच्या आत केसाळ पेशींची रांग असायला हवी, तिथे चपट्या पेशींचे थर. खालचा पडदा मात्र अखंड, पेशी कुठे आत घुसलेल्या नाहीत. स्क्वॅमस मेटाप्लेसिया, म्हणजे कॅन्सर नव्हे, नुसता पेशींचा पालटलेला प्रकार.

"पेशंट विडी ओढायचा का?" मॅडमनी विचारलं.

फॉर्ममध्ये 'हो' होतं.

"मग पी४० लावून बघू या का?" रेसिडेंटने विचारलं.

"लाव की. तोही पॉझिटिव्हच येईल. इथे रचना बघायची, रंग नाही."

मला खरं खटकलं ते पुढचं. प्रोग्रॅमला शिकवताना आम्ही फक्त मॅडमनी गाठ म्हणून आखलेल्या भागातले ठिपके दिले होते, आणि चाचणीही तशाच आखलेल्या भागांवर घेतली होती. त्यामुळे अचूकतेचा आकडा कितीही चांगला आला तरी ब्राँकसचा ठिपका त्या परीक्षेला बसलाच नव्हता. आणि उत्तरं दोनच असल्यावर त्याला दोनांतलं एक मिळणारच. या विषयावरचे पेपर वाचताना आता मी अचूकतेच्या आधी आखणी कोणी आणि कुठे केली ते पाहतो.

दुसऱ्या दिवशी यादीत नवे वर्ग आले: साधा ब्राँकस, मेटाप्लेसिया, दाह, संयोजी ऊती. खात्री कमी असेल तो ठिपका राखाडी ठेवायचा, असंही ठरलं. प्रकल्पप्रमुखांना राखाडी रंग आवडला नाही. "रिव्ह्यूअर विचारतील, एवढं कोरं का?"

"विचारू देत," मॅडम म्हणाल्या.

आता मेटाप्लेसिया वेगवेगळ्या रुग्णांचा हवा होता. एकाच माणसाचे हजार ठिपके एकमेकांसारखेच असतात, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. मॅडमना सुचलं की जुन्या ऑपरेशनांच्या ब्राँकियल मार्जिनच्या (श्वासनलिका कापली त्या कडेच्या) ब्लॉकमध्ये तो हमखास सापडेल. चिठ्ठी घेऊन ब्लॉकरूमला गेलो. तिथल्या मामांनी ती दोनदा वाचली.

"सगळे ट्यूमर मागतात. मार्जिन कोण मागतं हो?" म्हणाले, आणि शिडी आणायला गेले.