जहाज निवडण्याआधी मुलांची वयं लिहून काढा

किड्स क्लबच्या दारात बसलेल्या मुलीनं अगदी प्रेमानं सांगितलं, "तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. आणि डायपर पूर्ण सुटलेला लागतो." धाकट्याला तेव्हा दोन वर्षं दहा महिने झाले होते. तो माझ्या कडेवर होता आणि आतल्या रंगीत घसरगुंडीकडे हात करून रडायला लागला होता. आमच्या पहिल्या क्रूझचा तो पहिलाच दिवस. पुढचे सहा दिवस मी आणि नवरा पाळी लावून त्याला सांभाळत राहिलो. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं डेकवर फेऱ्या मारायच्या. एकानं थोरलीबरोबर शो बघायचा, दुसऱ्यानं अंधाऱ्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी आवाज न करता पडून राहायचं. आम्ही दोघांनी मिळून एकही सूर्यास्त पाहिला नाही.

तो नियम कंपनीनं लपवलेला नव्हता. आम्हीच शोधला नव्हता. आम्ही जहाजाचे फोटो पाहिले, बंदरं पाहिली, भाडं पाहिलं आणि 'लहान मुलांसाठी क्लब आहे' एवढं वाक्य वाचून खूश झालो. तो कितव्या वर्षापासून, हे विचारलंच नाही.

या वेळी सुरुवात उलटी केली. वहीच्या एका पानावर आधी प्रत्येकाचं वय लिहिलं, तेही आजचं नाही, जहाज सुटेल त्या दिवशीचं. थोरली अकरा वर्षं दहा महिने. धाकटा चार वर्षं आठ महिने. बरोबर माझी आई, गुडघे दुखणारी आणि हातात काठी असलेली. मग एकेका कंपनीचे वयोगट काढून त्या पानाशेजारी मांडले. अर्ध्या कंपन्या तिथेच बाजूला झाल्या. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग तर अठरा वर्षांखालच्या कुणालाच घेत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला.

थोरलीचं कोडं मात्र बरेच दिवस सुटेना. बारा वर्षांच्या अलीकडे-पलीकडे असलेलं मूल म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या रेघेवर उभं असलेलं मूल. कार्निवलमध्ये नऊ ते अकरा हा एक गट, आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना 'सर्कल सी' नावाची वेगळी जागा. एमएससीमध्ये सात ते अकरा एकत्र, मग बारा ते चौदा, मग पंधरा ते सतरा. नॉर्वेजियनच्या 'स्प्लॅश अकॅडमी'त तीन ते बारा, आत त्यांचे लहान गट, आणि 'आँतुराज' नावाचा किशोरांचा क्लब तेराव्या वर्षापासून. डिस्नीचा 'एज' मात्र अकरा ते चौदा. म्हणजे तीच मुलगी, तोच आठवडा, पण एका जहाजावर ती सात वर्षांच्या मुलांबरोबर हस्तकला करत बसणार आणि दुसऱ्यावर चौदा वर्षांच्या मुलींशी गप्पा मारणार. हे किती महत्त्वाचं आहे ते तिच्या वयाच्या मुलांच्या आईबापांना वेगळं सांगायला नको. मागच्या सहलीत ती दुसऱ्याच दिवशी क्लबमधून परत आली होती. "तिथे सगळे छोटे आहेत गं आई," एवढंच म्हणाली आणि वरच्या बंकवर पुस्तक घेऊन पडून राहिली.

प्रवास दोन महिने पुढे ढकलला असता तर ती बारा वर्षांची झाली असती आणि एमएससी, कार्निवल दोन्हीकडे मोठ्यांच्या गटात गेली असती. पण शाळेची सुट्टी दोन महिने पुढे ढकलता येत नाही. ज्यांना तारखा बदलता येतात त्यांनी हे जरूर करून पाहावं. आणि हो, गट कंपनीगणिक बदलतात तसे कधी कधी एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या जहाजांवरही बदलतात, म्हणून चौकशी त्या ठरावीक जहाजाची करायची.

धाकट्याच्या वयाची मुलं असतील त्यांचं काम सोपं आहे, कारण तिसरं वर्ष ओलांडलं की बहुतेक दारं उघडतात. त्याहून लहान मूल असेल तर फार बारकाईनं बघायला हवं. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावरच घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणारा लांबचा प्रवास असेल तर ही अट एक वर्षाची होते. डिस्नीची सशुल्क नर्सरी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असते. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवरही अशी नर्सरी आहे. कार्निवलचा क्लब दोन वर्षांपासून घेतो आणि तिथले कर्मचारी डायपरही बदलतात. हे वाचलं तेव्हा मी मिनिटभर स्क्रीनकडे बघत बसले. आमचे ते सहा दिवस किती वेगळे गेले असते!

डायपरचं आणखी एक प्रकरण म्हणजे पोहण्याचा तलाव. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे नियम लागू असतात, आणि त्यानुसार डायपरमधल्या मुलाला मोठ्या तलावात उतरवता येत नाही. पाण्यात घालायचे खास डायपर असले तरी नाही. त्यांच्यासाठी पाण्याची वेगळी सोय असलेली छोटी जागा लागते, आणि ती प्रत्येक जहाजावर नसते. आम्ही धाकट्यासाठी दोन पोहण्याचे पोशाख आणि फुगवायची कड्यांची जोडी नेली होती. तशीच घडी न मोडता परत आली.

तलावाजवळ जीवरक्षक असतो का, हेही विचारा. मला वाटायचं की असणारच. पण सगळ्या कंपन्या ठेवत नाहीत. डिस्नीनं 2013 पासून ठेवायला सुरुवात केली, रॉयल कॅरिबियननं 2017 मध्ये सगळ्या जहाजांवर ठेवण्याचं जाहीर केलं. जिथे ठेवत नाहीत तिथे 'इथे जीवरक्षक नाही' अशी पाटी असते आणि जबाबदारी पूर्णपणे आपली. एका हाताला आई आणि दुसऱ्या हाताला पोरगं असताना ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही.

क्लबच्या वेळा हा प्रश्नही मी आता पहिल्या दहा मिनिटांतच विचारते. काही ठिकाणी क्लब जेवणाच्या वेळी बंद होतो, म्हणजे नेमकं आपण टेबलावर बसतो तेव्हा मुलाला परत आणायचं. काही ठिकाणी रात्री दहानंतर तासाप्रमाणे पैसे सुरू होतात. बंदराच्या दिवशी क्लब उघडा असतो की नाही हेही बघावं, कारण आजीचे गुडघे आणि चार वर्षांच्या मुलाचे पाय दोन्ही एकाच दिवशी दमतात.

जेवणाच्या पद्धतीत कंपन्यांचा स्वभाव दिसतो. जुन्या पद्धतीत रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं टेबल. नॉर्वेजियननं वेळेचं बंधनच काढून टाकलं, वाटेल तेव्हा वाटेल तिथे बसा. डिस्नीत कुटुंब रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातं आणि वाढणारी माणसंही त्यांच्याबरोबर फिरतात. नवऱ्याला दुसरी पद्धत आवडली, मला तिसरी. आमचा धाकटा अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही, त्याला रोज तोच चेहरा दिसला तर तिसऱ्या दिवशी तरी तो काय हवं ते स्वतः सांगेल असं मला वाटतं.

केबिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आम्ही मागच्या वेळी दुसरी मोठी चूक केली. 'पुढचा देखावा छान दिसेल' म्हणून आम्ही जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची, वरच्या डेकवरची केबिन घेतली. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात. स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखालचे पंख, डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात, पण या पुढच्या-मागच्या झुलण्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो. खवळलेल्या समुद्राच्या त्या रात्री थोरली सकाळपर्यंत बाथरूमच्या जमिनीवर बसून होती आणि मी तिची पाठ चोळत होते. केबिन मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्यावी, हे कुठलाही खलाशी सांगेल. आम्हाला कुणी खलाशी ओळखीचा नव्हता, म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

पाच जणांची केबिन शोधायला बसलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. पलंग असतात, तरी बुकिंग मिळत नाही. कारण प्रवासी फक्त पलंगांवर मोजत नाहीत, त्या भागातल्या माणसांना नेमून दिलेल्या जीवरक्षक नौकांमध्ये जागा किती, यावरही मोजतात. त्यामुळे तिसरा-चौथा माणूस असलेल्या केबिन लवकर संपतात. आम्ही शेवटी मधल्या दारानं जोडलेल्या दोन केबिन घेतल्या. आजी आणि थोरली एकीकडे, आम्ही तिघं दुसरीकडे. आजीला रात्री दिवा लावून वाचता येईल आणि थोरलीला भावाशिवाय झोपता येईल, दोघीही खूश आहेत.

स्वच्छतेची तपासणी मात्र डोळे मिटून सोडू नका. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, कार्यक्रमाखाली आधी न कळवता तपासणी होते. शंभरपैकी गुण दिले जातात, 86 किंवा जास्त म्हणजे उत्तीर्ण, 85 किंवा कमी म्हणजे नापास, आणि अहवाल कुणालाही वाचता येतात. मी आमच्या यादीतल्या प्रत्येक जहाजाचे जुने अहवाल वाचले. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस हँड सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागतं. धाकट्याला आम्ही आत्तापासून जेवणाआधी हात धुताना वीसपर्यंत मोजायला लावतो. चौदानंतर तो थेट अठरावर उडी मारतो, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं.

सगळ्या कंपन्यांना मी एक प्रश्न मुद्दाम विचारला. मुलं क्लबमध्ये असताना धोक्याची घंटा वाजली तर त्यांना आमच्यापर्यंत कोण आणतं, की आम्ही जाऊन आणायचं? 2012 मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली, तेव्हा नुकतेच चढलेल्या कित्येक प्रवाशांचा आणीबाणीचा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलला आणि हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो. मुलांच्या मनगटावर त्यांच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात. पण क्लबमधल्या मुलांचं काय, याचं स्पष्ट उत्तर एका ठिकाणी पहिल्या फोनवर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी तीन माणसं बदलूनही मिळालं नाही. दुसऱ्या कंपनीचं नाव मी त्याच दिवशी खोडलं. घसरगुंड्या त्यांच्याकडेच जास्त होत्या.

पैशांबद्दल थोडक्यात. 'मुलं मोफत' अशी सवलत बहुतेक वेळा दोन मोठ्या माणसांच्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाला असते, आणि बंदर शुल्क तरीही भरावं लागतं. दोन केबिन घेतल्या की ती सवलत निम्मी उडून जाते. कर्मचाऱ्यांसाठी रोजची बक्षिसी माणशी लागते, बऱ्याच ठिकाणी मुलांचीही. एकूण बेरीज केल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नका.

शेवटी यादीत दोन नावं उरली. एक रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज', 2024 मध्ये सेवेत आलेलं, अडीच लाख टनांच्या आसपासचं अवाढव्य जहाज, सात तलाव आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी 'सर्फसाइड' नावाचा एक अख्खा भाग. धाकट्यासाठी ते स्वप्नच. दुसरं 2011 चं 'डिस्नी ड्रीम'. नवरा बरेच दिवस आयकॉनच्या बाजूनं होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आजीला एवढ्या मोठ्या जहाजावर रोज किती चालावं लागेल, याचा विचार करून तो स्वतःच थांबला. ड्रीमवर थोरली अकरा ते चौदाच्या गटात बसते. बऱ्याच केबिनमध्ये न्हाणीघर आणि शौचालय वेगवेगळं असतं, सकाळी पाच माणसांना आवरायचं असताना याची किंमत कळते. भाडं जास्त आहे, म्हणून सात रात्रींऐवजी चार रात्री घेतल्या. मला याचं वाईट वाटत नाही. मागच्या वेळी सात रात्री होत्या, आणि तिसऱ्या रात्रीनंतर मी दिवस मोजत होते.

निर्णय थोरलीला सांगितला तेव्हा तिनं आधी विचारलं, "एजमध्ये मला एकटीनं जाता-येता येईल?" तिथली मोठी मुलं आपली आपण येऊ-जाऊ शकतात, असं आम्ही सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिनं डेकचा नकाशा छापून घेतला आणि केबिनपासून क्लबपर्यंतची वाट लाल पेननं रंगवली.

धाकट्याचं मन 'ॲक्वाडक'वर बसलं आहे. ती 233 मीटर लांबीची पाण्याची पारदर्शक नळी आहे, एका वळणावर जहाजाच्या कडेबाहेर समुद्रावर जाते. तिच्यासाठी किमान उंची लागते 107 सेंटिमीटर. दाराच्या चौकटीवर आम्ही तिथे पेन्सिलीनं एक रेघ मारली आहे. रोज सकाळी दात घासून झाले की तो टाचा चौकटीला टेकवून उभा राहतो, मी डोक्यावर पट्टी आडवी धरते आणि तो विचारतो, "पोचलो?" आज सकाळी रेघ आणि पट्टी यांच्यामध्ये माझं एक बोट मावलं. मागच्या महिन्यात दोन मावत होती.