आधी फोल्डर, मग वेबसाइट

माझी स्वतःची छोटीशी वेबसाइट एकदाची सुरू झाली! तीनच पानं आहेत, पहिल्यावर ओळख, दुसऱ्यावर मी काढलेली चित्रं आणि तिसऱ्यावर संपर्क, पण सगळं मनासारखं मांडलंय आणि त्याचा आनंद काही वेगळाच आहे.

ड्रीमवीव्हर नावाच्या, वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. ते तसं जुनं, १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने काढलं, पुढे अडोबीकडे गेलं. मला त्यातला स्प्लिट व्ह्यू फार आवडतो, एकीकडे पान जसं दिसणार तसं आणि शेजारी त्याचा कोड, आपण एखाद्या ओळीला हेडिंग १ दिलं की लगेच कोडमध्ये एच१ टॅग, म्हणजे मोठ्या मथळ्याची खूण, उमटतो. असं बघत बघतच मला एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात ती, कळायला लागलं.

पण जे सांगायचंय ते फोल्डरबद्दल. लॅपटॉपवर प्रिव्ह्यू बघितला, सगळं छान दिसत होतं, म्हणून साइट अपलोड केली आणि मैत्रिणीला लिंक पाठवली. तिचा लगेच मेसेज, "अगं चित्रं कुठेयत?" तिला सगळीकडे नुसते रिकामे चौकोन. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कोड उघडून बघितला तर इमेज टॅगमध्ये माझ्या सी ड्राइव्हपासून डेस्कटॉपपर्यंतचा अख्खा पत्ता! आता माझ्या डेस्कटॉपवरची फाइल तिच्या मोबाइलवर कशी दिसणार? मी साइट डिफाइन केलीच नव्हती, म्हणजे साइटचा फोल्डर कोणता ते ड्रीमवीव्हरला सांगितलंच नव्हतं, आणि पान सेव्ह करायच्या आधीच चित्रं घातली होती, त्याने हे झालं.

म्हणून पहिलं काम हे करा, एक रिकामा फोल्डर, त्यात चित्रांसाठी अजून एक फोल्डर, आणि साइट मेनूत न्यू साइट करून तोच फोल्डर दाखवा. मग बाहेरचं चित्र घातलं तर ड्रीमवीव्हर स्वतःच विचारतं, कॉपी करून आत ठेवू का, हो म्हणायचं. पहिल्या पानाचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेवा, बहुतेक सर्व्हर, म्हणजे जिथे साइट ठेवलेली असते ते कॉम्प्युटर, आधी तेच शोधतात.

एवढं करूनही एक चित्र दिसेना. फाइलच्या नावात शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये होतं आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्याने फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फाइल वाटतात. तेव्हापासून माझी सगळी नावं स्मॉल, मध्ये स्पेस नाही.

फोटो मात्र आधी लहान करून घ्या, कोपरा धरून ओढला की तो नुसता दिसायला लहान होतो, ४००० पिक्सेलचा फोटो पूर्णच डाउनलोड होतो, मी सगळे १२०० पिक्सेलवर आणले आणि पान पटकन उघडायला लागलं. आणि मराठी मजकुराला दोन ओळींतलं अंतर थोडं जास्त द्या, मी लाइन हाइट १.७ ठेवलीये, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात.

आता ऑल्ट टेक्स्ट लिहितेय, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर जे वाचून दाखवतो ते. नुसतं "चित्र ३" लिहायला मन होत नाही, काल एकाला लिहिलं, "भिंतीला टेकवलेली सायकल, सीटवर पावसाचं पाणी साचलेलं". अजून चौदा राहिलीत.